बेल वाजतेय, सिस्टर

घोडबंदर रोडला राहणारा माझा मावसभाऊ गेल्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आला आणि आल्या आल्या फॅमिली ग्रुपवर सुटला. ‘बेल वाजवून वीस मिनिटं सिस्टर येत नाही. आली की तोंड वाकडं. सेवाभाव म्हणून राहिलाच नाही. चांगल्या होत्या त्या आमच्या ताईसारख्या, सगळ्या बाहेर गेल्या.’ ताई म्हणजे मी, इंग्लंडात लिव्हरपूलला नर्स. खाली तेरा अंगठे. त्यातला एक आईचा.

लाँग डे, म्हणजे दिवसभराची लांब ड्युटी, संपवून बसमध्ये बसल्यावर मी हे वाचलं. त्या दिवशी माझ्याकडे आठ पेशंट होते आणि बे टूमधल्या, म्हणजे वॉर्डाच्या दुसऱ्या कप्प्यातल्या आजोबांची बेल किती वेळ वाजत होती, ते विचारू नका. दादा, लिव्हरपूलमध्येही बेल वाजतच असते रे.

फरक आहे, पण तो सेवाभावाचा नव्हे. दिवसा एका नर्सकडे आठाहून जास्त पेशंट आले की धोका वाढतो, असं इथल्या नाइसनं, म्हणजे उपचारांचे निकष ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१४ मध्ये लिहून ठेवलंय. नववा आला की मी डेटिक्स, म्हणजे धोका कळवायचा ऑनलाइन फॉर्म, भरते. त्यानं लगेच जादा माणूस मिळतो असं नाही, पण उद्या काही चुकलं तर कागदावर नुसतं माझं नाव नसतं. आपल्याकडे कागद नाहीत असंही नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या हिशेबानं साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, वर रजेसाठी तीस टक्के जादा. ही तीस टक्केच कुणी भरत नाही. मग कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेली की उरलेल्यांना डबल ड्युटी, आणि इन्चार्जचं ठरलेलं वाक्य, ‘सिस्टर, आजच्या दिवस ॲडजस्ट करा.’

ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी तीन वर्षं काढली. पगार नऊ हजार, ओरिजिनल सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात. नाइटला बावीस पेशंट आणि मी. एवढ्यांत काय काय सुटतं ते दादाला कुणी सांगितलेलं नाही. आधी बोलणं सुटतं. मग दर दोन तासांनी कूस बदलणं. मग बीपी. तक्ता मात्र भरलेला असतो. मीही भरलाय, पहाटे चारला, न मोजता, ओळीनं १२०/८०. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तोंड वाकडं करणारी ती सिस्टर मीच होते, दादाच्या आठवणीत फक्त माझं एअरपोर्टवरचं तोंड आहे.

खासगी नर्सिंग होममध्येसुद्धा वीस हजारांखाली पगार नको, अशी शिफारस सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीनं केली होती. तो आकडा ग्रुपवर कधी फॉरवर्ड होऊन आला नाही. २०२२ च्या मे महिन्यात बाह्यस्रोतानं भरती नको म्हणून महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा मात्र ‘रुग्णांना वेठीला धरतात’ हे चार वेळा आलं. त्याच वर्षी १५ डिसेंबरला मी इथल्या नर्सेसच्या संपात कानटोपी घालून हॉस्पिटलबाहेर पिकेट लाइनवर उभी राहिले. फोटो टाकला तर दादाच लिहितो, ‘प्राउड ऑफ यू!’ तिथे केलं की वेठीला धरणं आणि इथे केलं की हक्क. पौंडात पगार मिळाला की संपही शोभून दिसत असावा.

हे सगळं ग्रुपवर टाइप केलं होतं. मग पुसलं.

कारण गेल्या पावसाळ्यात बाबा ॲडमिट होते. रात्री दीडला मी व्हिडिओ कॉल लावला आणि ड्युटीवरच्या मुलीला सलाइनचा रेट विचारला, मग लघवीचं आउटपुट, मग शिरेतली कॅन्युला कधीची आहे. तिच्यामागे पॅसेजमध्येही खाटा लावलेल्या दिसत होत्या. ती म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही पण सिस्टरच ना? मग सकाळी करा फोन.’

मी सकाळी केला. मेट्रनला. ‘बोलण्याची पद्धत बरोबर नाही’ म्हणून तक्रार केली, तीही इंग्रजीतून.

बाबा नंतर म्हणाले, पहाटे एक पोरगी आली होती, पाठीमागची उशी सरळ करून कुशीवर वळवून गेली. नाव विचारलं, तर त्यांना आठवेना.