चाललं म्हणजे ओरिजिनल? एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या एमआयडीसीतल्या छोट्या उत्पादकांच्या ग्रुपवर एक मेसेज दर चार-सहा महिन्यांनी पाहुण्यासारखा उगवतो. परवा पुन्हा आला. कुणी लिहिलाय कुणास ठाऊक, पण सूर ठाम आणि शेवटी दोन जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: चिप, कपॅसिटर अशा इलेक्ट्रॉनिक पार्ट्सचा तुटवडा हे डिस्ट्रिब्युटर लोकांचं नाटक आहे. बाजारातला माल त्याच फॅक्टरीतला, रात्रपाळीत जादा काढलेला, म्हणून स्वस्त. शंका असेल तर बोर्डवर लावून बघा, चाललं तर ओरिजिनल. ॲसिटोनने पुसून प्रिंट गेली नाही तर शंभर टक्के ओरिजिनल. कंपॅटिबल चिप म्हणजे तीच चिप, नाव फक्त वेगळं. आणि नाहीतरी आता चिप भारतात बनतायत, वर्षभर कळ काढा.

मी शेतीपंपांचे ऑटो स्टार्टर आणि ड्रायरन प्रोटेक्शनची (पाणी नसताना पंप बंद करणारी) पॅनेलं बनवतो, नाशिकला, अंबडमध्ये. लहान युनिट आहे. या मेसेजमधल्या निम्म्या गोष्टींवर मीही एकेकाळी विश्वास ठेवला होता आणि त्याची किंमत मोजली, म्हणून एकदा बसून उत्तर लिहितोय.

नाटकापासून सुरुवात करू. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गाड्यांच्या कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. मागणी लवकर परत आली तेव्हा त्यांची जागा लॅपटॉप-मोबाइलवाल्यांनी घेतलेली होती, आणि हे रांगेच्या शेवटी. त्यात ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओकाचा एकेएम या कंपनीचा चिप कारखाना जळाला. फेब्रुवारी २०२१ ला टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, वीज गेली आणि ऑस्टिनमधले सॅमसंग, एनएक्सपी, इन्फिनिऑनचे कारखाने बंद पडले. पुढच्याच महिन्यात, १९ मार्चला, जपानच्याच रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्यात आग लागली. हे सगळं कुणी नाशिकच्या किंवा भोसरीच्या गिऱ्हाइकाला फसवायला घडवून आणलं असेल असं मला वाटत नाही.

आपल्याला खरा फटका बसला तो वेगळ्याच कारणाने. आपण वापरतो ते स्वस्त मायक्रो (मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम चालवणारी छोटी चिप), रेग्युलेटर, ड्रायव्हर आयसी बरेचसे जुन्या, आठ इंची वेफरच्या (ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप बनतात तिच्या) लाइनवर निघतात. त्या लाइन वाढवायला वर्षानुवर्षं कुणी फारसा पैसा घातला नव्हता, कारण नफा नव्या, बारीक चिपमध्ये. त्यामुळे आमच्या बोर्डवरच्या एसटीएम८एस००३ ला, म्हणजे एरवी ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही त्या वीस पायांच्या मायक्रोला, ५२ आठवड्यांची तारीख मिळाली.

मेसेजमध्ये एक कण खरा आहे, तो मान्य करतो. घबराटीत प्रत्येकाने तीन ठिकाणी तीच ऑर्डर टाकली (मीसुद्धा), काहींनी माल दाबून ठेवला, आणि टंचाई होती त्यापेक्षा मोठी दिसली. पण फुगवलेली टंचाई वेगळी आणि खोटी टंचाई वेगळी. २०२५ च्या शरदात पुन्हा तेच पाहिलं. डच सरकारने नेक्सपेरिया या चिनी मालकीच्या डच चिप कंपनीचा ताबा घेतला, चीनने तिच्या तिथल्या कारखान्यातून होणारी निर्यात अडवली, आणि काही रुपयांच्या डायोड-ट्रान्झिस्टरसाठी होंडाला मेक्सिकोतला प्लांट थांबवावा लागला. होंडाची ही गत, तर आपण कुठे!

आता तो 'रात्रपाळीचा माल'. ही गोष्ट ऐकायला फार गोड वाटते, कारण तिच्यात आपण चोर ठरत नाही, फक्त हुशार ठरतो. प्रत्यक्षात बाजारात येणाऱ्या बनावट मालाचा मोठा भाग भंगारातला असतो. जुने बोर्ड तापवून त्यावरच्या चिपा उपटतात, धुतात, वाळवतात, वरची प्रिंट घासून काढतात, काळा थर देतात आणि नवा नंबर, नवा डेट कोड (बनल्याची तारीख) छापतात. चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातलं ग्वीयू गाव या भंगाराच्या धंद्यामुळेच जगाला माहीत झालं. अमेरिकी सिनेटच्या संरक्षण समितीने २००९ आणि २०१० या दोन वर्षांतली प्रकरणं तपासली, तेव्हा लष्करी सामानात बनावट पार्ट्सची सुमारे १,८०० प्रकरणं निघाली, संशयित पार्ट दहा लाखांवर. विमानांत जाणारा माल होता तो, पंपाच्या पेटीतला नाही.

त्याहून मासलेवाईक प्रकार २०१२ चा. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था, जीएओ, हिने एक खोटी कंपनी काढून इंटरनेटवरून १६ पार्ट मागवले. सोळाच्या सोळा गडबडीचे निघाले. आणि त्यातले चार नंबर असे होते की ज्या नंबरचा पार्ट जगात कधी बनलाच नव्हता, अधिकाऱ्यांनी मनाने रचलेले! विक्रेत्यांनी तेही पाठवले. तुम्ही मागाल तो नंबर छापून देणाऱ्याची रात्रपाळी कुठल्या फॅक्टरीत असते ते ज्याने त्याने ठरवावं.

यात आपल्या गल्लीतल्या दुकानदाराला मी सरसकट लबाड म्हणत नाही. लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, तिथे मला वर्षानुवर्षं चांगला माल मिळालाय आणि चहाही. पण "शेठ, हा लॉट कुठून आला?" विचारलं की "साहेब, कंपनीचाच आहे, बिनधास्त घेऊन जा" यापुढे उत्तर जात नाही. बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं. त्याच्याकडे पाकीट चौथ्या-पाचव्या हाताने आलेलं असतं.

'लावून बघा, चाललं तर ओरिजिनल.' या एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय, म्हणून इथे जरा थांबतो.

२०२२ ला आमचे नेहमीचे कपॅसिटर मिळेनात. ४७० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंश तापमान सोसणारे. मुंबईच्या बाजारातून दोन हजार नग आणले. लाइनवर बसवायच्या आधी पोरांनी मीटरवर तपासले, व्हॅल्यू बरोबर. बोर्ड झाले, २३० व्होल्टवर टेस्टिंग झालं, सगळे पास. एकही रिजेक्शन नाही. मेसेजच्या हिशेबाने ओरिजिनल.

पुढच्या उन्हाळ्यात फोन सुरू झाले. "तुमचा स्टार्टर रात्री नुसता टरटर करतो, मोटर धरत नाही." पॅनेलं परत आली. कपॅसिटरची टोपी फुगलेली. एकाची स्लीव्ह मी ब्लेडने उभी चिरून सोलली, तर खाली दुसरी स्लीव्ह. तिच्यावर छापलेलं: २५ व्होल्ट, ८५ अंश. कुणीतरी साध्या कपॅसिटरला वरून नवा सदरा घातला होता.

आता टेबलावर तो पास का झाला ते बघा. आमचा ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्टचा. २३० ला ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) साधारण २४ व्होल्ट डीसी मिळतो, म्हणजे २५ च्या कपॅसिटरलाही जेमतेम चालून जातो. पण शेतात लाइट येते रात्री दीडला. फीडरवर लोड कमी असला की व्होल्टेज चढतं. २७० झालं की तोच डीसी २८ च्या पुढे. टेबलावर २७० आम्ही कधी दिलेच नव्हते. त्यात उष्णता. अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. २,००० तासांचा १०५ अंशी कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास जायला हवा, म्हणजे अखंड चालवला तरी साडेतीन वर्षांहून जास्त. तेवढ्याच तासांचा ८५ अंशी कपॅसिटर त्याच पेटीत ८,००० तास, म्हणजे अकरा महिने. उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ६५ अंश काही नवलाचे नाहीत. दहा मिनिटांच्या टेस्टमध्ये साडेतीन वर्षं आणि अकरा महिने यांतला फरक दिसणार कसा?

त्या लॉटमध्ये आम्ही नगामागे दोन-तीन रुपये वाचवले होते. एका पॅनेलसाठी निफाड-येवल्याकडे माणूस पाठवायचा खर्च कुणीही काढावा. आणि शेतकरी कपॅसिटर ओळखत नाही, पेटीवरचं नाव ओळखतो. ते माझं.

चालणारा पार्टही बनावट असू शकतो याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे एफटीडीआय कंपनीची यूएसबी-सिरियल चिप, एफटी२३२, यंत्र कॉम्प्युटरला जोडणारी. हिच्या नकला वर्षानुवर्षं व्यवस्थित चालत होत्या. आतली चिप उघडून पाहिली तर रचनाच भलती. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांक शून्य करून टाकला. रात्रीतून लोकांची यंत्रं मुकी झाली. गदारोळ झाल्यावर कंपनीने ड्रायव्हर मागे घेतला. पैसे देऊन घेतलेल्या गिऱ्हाइकाचं यंत्र बंद पाडायचा कंपनीला काय अधिकार, हे माझं तेव्हाही मत होतं. पण 'आज चालतंय' या वाक्यात किती दम असतो ते त्या आठवड्यात समजलं.

ॲसिटोनचं म्हणाल तर परीक्षा जरूर करा, पण ती एकाच बाजूने खरी आहे. कापसाचा बोळा काळा झाला, प्रिंट विरघळली, तर माल संशयास्पद, विषय संपला. काही झालं नाही तर एवढंच कळलं की थर ॲसिटोनला दाद देत नाही. तसे थर आता सर्रास मिळतात. त्यापेक्षा भिंग घ्या आणि पहिल्या पिनेजवळचा गोल खळगा बघा. घासलेल्या चिपमध्ये तो उथळ झालेला किंवा काळ्या रंगाने भरलेला असतो. पायांवर जुन्या सोल्डरचे ओरखडे बघा. एकाच रीलमध्ये दोन डेट कोड, दोन देशांची नावं दिसली तर पुढे जाऊच नका. मी आणखी एक गावठी उपाय करतो. सोनारासारखा छोटा काटा आणलाय, त्यावर जुन्या खात्रीच्या लॉटचे दहा नग आणि नवे दहा नग तोलायचे. नकली २एन३०५५ सारख्या पॉवर ट्रान्झिस्टरमध्ये मोठ्या डब्यात मूळपेक्षा कितीतरी लहान चिप घालून देतात. तिथे मात्र काटाही फसतो, डब्याचंच वजन जास्त. एक नग कापून बघावा लागतो. ॲम्प्लिफायरवाल्यांना २एससी५२०० या ट्रान्झिस्टरच्या बाबतीत हे मी नव्याने सांगायला नको.

कंपॅटिबल, म्हणजे मूळ चिपच्या जागी बसणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या चिपबद्दल मेसेजने दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकल्यात. एसटी या चिप कंपनीच्या एसटीएम३२ च्या जागी बसणारी गिगाडिव्हाइसची जीडी३२एफ१०३ स्वतःच्या नावाने विकली जाते, तिची स्वतःची डेटाशीट आहे, ती नकली नाही. बसवायची तर बसवा, पण कोड पुन्हा तपासून. घड्याळाचा वेग, फ्लॅशची वागणूक, टायमिंग सगळं हुबेहूब एसटीएम३२ सारखं नसतं. याउलट 'ब्लू पिल' नावाच्या स्वस्त तयार बोर्डांवर बऱ्याचदा भलतीच चिप एसटीच्या नावाने बसवलेली असते. चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र जोडलं की चिपच्या ज्या आयडीची सुरुवात १ ने व्हायला हवी ती २ ने होते. तिथे वाद पार्ट चांगला की वाईट असा नसून नाव कुणाचं लावलंय याचा आहे.

मी स्वतः एसटीएम८ च्या अडचणीत नुव्होटॉनचा एन७६ई००३ घेतला. पिना जुळतात, बोर्डला हात लावावा लागला नाही. पण आत ८०५१ या वेगळ्या जातीचा गाभा, म्हणजे सगळा प्रोग्राम नव्याने लिहिणं आलं. दोन महिने गेले, त्यात आमच्या प्रोग्रामरने दोनदा राजीनामा दिला आणि दोनदा परत घेतला. आज एकाच बोर्डवर दोन्हीपैकी काहीही बसतं. ही डोकेदुखी टंचाई नसताना केली असती तर स्वस्तात झाली असती.

भारतातल्या चिपांबद्दल दोनच ओळी. गुजरातेत साणंदला जे सुरू झालंय ते मुख्यतः जुळणी, पॅकेजिंग आणि टेस्टिंगचं काम आहे. धोलेराच्या फॅबची, म्हणजे प्रत्यक्ष चिप घडवणाऱ्या कारखान्याची, पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. आनंदच आहे. पण तुमचा रेग्युलेटर येत्या दिवाळीला तिथून येणार नाही.

राहतो तो ग्रुपवरचा नेहमीचा प्रश्न: "मग काय, लाइन बंद ठेवायची?" नाही. बाजारातून मीही घेतो. फक्त काय घ्यायचं आणि काय नाही याची रेघ मारून ठेवलीय. एलएम३५८, यूएलएन२००३, ७८०५ असे पार्ट चार-पाच नामांकित कंपन्या बनवतात, तिथे एकाच कंपनीचा हट्ट सोडला की अधिकृत विक्रेत्याकडेही काहीतरी मिळतंच. रेझिस्टर, कनेक्टर बाजारातून घेऊन फार बिघडत नाही. पण मेनच्या (२३० व्होल्ट लाइनच्या) बाजूचे सुरक्षेचे पार्ट, म्हणजे एक्स२ आणि वाय कपॅसिटर, एमओव्ही, ऑप्टोकप्लर, हे अधिकृत बिलाशिवाय माझ्या दारात येत नाहीत, लाइन आठवडाभर थांबली तरी. तिथे पार्ट गेला तर रिले टरटर करत नाही, माणसाला शॉक बसतो. नाइलाजाने बाहेरचा लॉट घेतलाच तर बिलावर लॉट नंबर लिहून घेतो, निम्मे पैसे तपासणीनंतर, आणि त्यातले वीस बोर्ड तापलेल्या पेटीत २७० व्होल्टवर आठवडाभर चालत ठेवतो. कुठल्या सिरियल नंबरच्या पॅनेलात कुठला लॉट गेला त्याची वही आहे. २०२२ ला ती नव्हती, म्हणून दोन हजारांतले नेमके कुठे गेलेत ते शोधायला मला सगळ्या डीलरांचे पाय धरावे लागले.

हेच सगळं आटोपशीर करून ग्रुपवर टाकलं. खाली लगेच एकाचा अंगठा आला आणि दुसऱ्याने विचारलं, "भाऊ, एसटीएम८ आहेत का शिल्लक, चारशे लागतील." आहेत. सीलबंद रील, लेबल आणि बिलाचा फोटो सोबत देतो. तुमच्याकडे लिंकस्विच ३०४ (पॉवर सप्लायची चिप) असतील तर तुम्हीही तसाच फोटो आधी पाठवा.