पक्षाघातानंतरची फुप्फुसे आणि स्टेम सेलचे इंजेक्शन : एक खुलासा

नाशिक रोड, सिडको आणि पंचवटी भागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या असा संदेश फिरत आहे की, पक्षाघातानंतर बिघडलेली फुप्फुसे स्टेम सेलच्या (म्हणजे इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) एका इंजेक्शनने पूर्ववत होतात आणि या उपचाराला सरकारी मान्यता आहे. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

या विषयावर संशोधन सुरू आहे हे खरे, पण ते प्रामुख्याने प्राण्यांवरचे आहे. शिरेतून दिलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा आधी फुप्फुसांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतच अडकतात आणि दाह कमी करणारी द्रव्ये स्रवतात. एवढ्यावरून माणसांतील उपचार सिद्ध होत नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या आजारांसारख्या मान्य कारणांसाठीचे प्रत्यारोपण वगळता, स्टेम सेल केवळ मंजुरी मिळालेल्या संशोधन चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) देता येतात. त्यामुळे दागिने गहाण ठेवून कोणी हे इंजेक्शन घेऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे.

पक्षाघातानंतर फुप्फुसे बिघडतात ती अशी : गिळण्याची क्रिया मंदावते, लाळ आणि पाणी श्वासनलिकेत उतरते, त्यातच प्रतिकारशक्ती घटते आणि न्यूमोनिया होतो. आडव्या पडलेल्या रुग्णाला मायेने चमच्याने पाजलेला चहासुद्धा घातक ठरू शकतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काहीही देऊ नये, डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, तोंड स्वच्छ ठेवावे आणि घोट घेतल्यावर ठसका लागला किंवा आवाज घरघरीत झाला, तर लगेच डॉक्टरांना सांगावे.