नदीकाठचं घर जपायचं तर आधी सिमेंट बाहेर काढा

कोकणातलं नदीकाठचं वडिलोपार्जित घर 'जपायला' घेतलं की पहिलं काम ठरलेलं: चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींना सिमेंटचा गिलावा. माझ्या मते, पडक्या अवस्थेत राहू दिलं असतं तरी घर जास्त टिकलं असतं.

चिरा सच्छिद्र असतो. जोत्यातून ओल चढते आणि भिंतीतूनच बाहेर पडून वाळते. सिमेंटने ती वाट बुजते, आतला चिरा भुसभुशीत होतो आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे चिऱ्यासकट सुटतात. गिलावा चुन्याचाच हवा. किमान महिनाभर पाण्यात मुरवलेल्या चुन्याचा एक भाग, चाळलेल्या गोड्या पाण्यातल्या वाळूचे तीन. खाडीची वाळू मीठ आणते, मग भिंतीला लोणा लागतो. दोन पातळ हात द्या आणि आठवडाभर पाणी शिंपडा. काम थंडीत काढा; एप्रिलच्या उन्हात चुना भराभर सुकतो आणि तडकतो.

खरी गोम मात्र वेगळीच आहे. गोठा होता म्हणून शेण होतं, शेण होतं म्हणून जमिनी सारवल्या जायच्या. गुरं गेली, लाद्या आल्या. जमिनीतून वर येणारी ओल आता भिंतींकडे वळते. चुलीचा धूर वाशांना लागायचा, कीड दूर राहायची. गॅस आला आणि माळ्यावर वाळवी चढली. न्हाणीचं पाणी केळींना जायचं, ते आता जोत्याशीच मुरतं. म्हणून नुसती वास्तू जपणं मला अर्धवट वाटतं. निदान एक चूल पेटती ठेवा आणि सांडपाण्याचा पाट मोकळा करा.

कौलांची शाकारणी, म्हणजे कौलं काढून, फुटकी बदलून पुन्हा रचणं, दरवर्षी, पावसाआधी. मंगलोरी कौलांच्या खाचा कारखान्यागणिक वेगळ्या. नवं कौल जुन्यात नीट बसत नाही, फटीतून पाणी झिरपतं आणि खालची लाकडी रीप कुजते. शेजारचं घर पाडत असतील तर त्याच शिक्क्याची शे-दोनशे कौलं उचलून ठेवा. (भंगारवाल्याच्या आधी पोचा!)

पुराचंही बघा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तसं घरात आलं तर गाळ ओला असतानाच उपसा. भिंती गोड्या पाण्याने धुवा, दारं-खिडक्या उघडी ठेवा. पूर्ण वाळेपर्यंत रंगाचा डबा उघडू नका, मग त्याला वर्ष लागलं तरी चालेल.

आणि गवंडी बोलावण्याआधी सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या करआकारणीचा उतारा) काढा. दोन्हीकडे वारसनोंदी झाल्यात का ते तपासा. सामाईक घरात एकाने खर्च केला की दुसरा हिस्सा मागतो आणि काम अर्ध्यावर थांबतं. शाकारणीचा वर्षाचा खर्च कुणी किती द्यायचा आणि कुणाच्या हातून करायचा, हे सगळ्या वारसांच्या सह्यांनिशी लिहून घ्या.