जेवण, पगार आणि मर्जी : एका निवृत्त गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

शाळेतल्या कर्मचाऱ्यांसाठी आम्ही पालक मे महिन्यात जे जेवण करतो, त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवली आहे आणि तुमचा राग मनापासूनचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी सरांचं म्हणणं थोडक्यात सांगते. शिक्षकाला मान द्यायचा तर पगार नीट द्या. वर्षातून एकदा पुलाव खाऊ घालणं ही त्याची बोळवण आहे. पालक शिक्षकाला जेवू घालतात त्यात 'आमच्या पोराकडे जरा बघा' हे न बोलता आलंच. आणि या सगळ्यात राबतात शेवटी आयाच. 'मुलाने लिहिलेल्या चार ओळी मला कुठल्याही पंगतीपेक्षा मोलाच्या वाटल्या असत्या,' असंही त्यांनी शेवटी म्हटलं आहे.

मर्जी संपादण्याचा आरोप सर्वांत गंभीर, तेव्हा आधी त्याबद्दल. मी राहते त्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी शाळेतला शिक्षक हा सरकारी नोकर धरला जातो आणि त्याला ५० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीची भेट घेता येत नाही. अख्ख्या वर्गाने मिळून भेट दिली तर वर्षाला १५० डॉलरपर्यंत चालते, पण ती 'वर्गाकडून' एवढंच लिहून द्यायची. कुणी किती घातले, कुणी नाही घातले, हे शिक्षकाला कळता कामा नये. आमचं जेवण याच रीतीने होतं. ट्रेवर पदार्थाचं नाव असतं, करणाऱ्याचं नसतं. शिवाय ते एका शिक्षकासाठी नसतंच. शाळेत काम करणारा प्रत्येक जण तिथे येऊन जेवतो. ज्याचा माझ्या मुलीच्या गुणपत्रिकेशी काडीचाही संबंध नाही त्या सफाई कामगाराला मसालेभात वाढून मी कुणाची मर्जी संपादणार? तुमच्याकडे शालेय पोषण आहारात स्नेहभोजनाची सोय आहे. गावातलं कुणी वाढदिवसाला, सणाला शाळेतल्या सगळ्या मुलांना जेवण देतं. त्याला कुणी लाच म्हणत नाही, कारण पंगत सगळ्यांची असते.

आता पगार. इथे मी तुमच्याशी वाद घालणार नाही, कारण तुमचं म्हणणं बरोबर आहे. फक्त जेवण आणि पगार हे एकमेकांच्या आड येतात, हे मला मान्य नाही. इथली पद्धत थोडी सांगते. आमच्या गावाचा शाळेवरचा खर्च मुख्यतः घरपट्टीतून निघतो. १९८० साली इथल्या मतदारांनी एक कायदा मंजूर केला. त्यानुसार नवीन बांधकामं सोडली तर गावाला घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. महागाई त्याहून वेगाने वाढली की शाळेच्या अंदाजपत्रकाला कात्री लागते. आणि कात्री पहिल्यांदा कुठे लागते? वर्गातल्या मदतनीसांवर, वाचनालयावर, संगीताच्या तासावर. जास्त पैसे हवे असतील तर गावाने वेगळं मतदान करून तशी परवानगी द्यायची, त्याला इथे ओव्हरराइड म्हणतात. अंदाजपत्रक गावसभेत मंजूर होतं, तेही वसंतातच, म्हणजे आमच्या जेवणाच्या आगेमागे.

वर्गातल्या मदतनीस म्हणजे काय ते सांगायला हवं. इथे त्यांना पॅरा म्हणतात. ज्या मुलाला एका जागी बसवत नाही, ज्याला हाताला धरून स्वच्छतागृहापर्यंत न्यावं लागतं, त्याच्याबरोबर दिवसभर असणारी ही व्यक्ती. काम शिक्षकाइतकंच जिकिरीचं, पगार मात्र त्याच्या जवळपासही जात नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी नोकरांना संपाची मनाई आहे. तरीही जानेवारी २०२४ मध्ये बॉस्टनला लागून असलेल्या न्यूटनच्या शिक्षकांनी संप केला, शाळा ११ दिवस बंद राहिल्या आणि न्यायालयाने संघटनेला जबर दंड ठोठावला. त्यांच्या मुख्य मागण्यांपैकी एक होती या मदतनीसांचा पगार. ही बातमी बहुतेक पालकांनी पेपरात वाचली. मला मात्र हे पगाराचं गणित त्याआधीच कळलं होतं, स्टाफरूममध्ये ट्रे मांडताना. एक पॅरा बाई उभ्याउभ्या दोन घास खाऊन निघाल्या. बसा ना, म्हटलं, तर म्हणाल्या की मधल्या सुट्टीत मैदानावर माझी पाळी आहे आणि तीन वाजता इथून दुसऱ्या नोकरीला जायचं आहे.

त्यानंतर आमच्या पालक-शिक्षक संघात एक बदल झाला. जेवणाच्या दिवशी मैदानावरची देखरेख पालक करतात. उगाच कुणीही नाही. स्वयंसेवकांची राज्याच्या नोंदींतून पार्श्वभूमी तपासली जाते, त्यात पास झालेलेच. त्यामुळे पॅरा, मैदानावरचे, उपाहारगृहातले सगळे खुर्चीवर बसून जेवतात. बसचालक आणि रात्रपाळीचे सफाई कामगार दुपारी उशिरा येतात. त्यांचे डबे आधीच भरून फ्रिजमध्ये ठेवतो, कारण शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये असा इथला दंडक आहे आणि उरलंसुरलं त्यांच्या वाट्याला येऊ नये, ही आमची इच्छा.

सर, तुम्ही याला बोळवण म्हणता. या खोलीत वाढायला उभे राहणारे पालकच पुढे अंदाजपत्रकाच्या रात्री सभागृहात दिसतात, हे मी दरवर्षी पाहते. आमच्यातल्या पुष्कळ मराठी कुटुंबांना इथे मताचा अधिकार नाही. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर आहेत, घरपट्टी भरतात, पण मतपत्रिका मिळत नाही. स्कूल कमिटीच्या, म्हणजे गावच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या बैठकीत मात्र रहिवासी म्हणून बोलता येतं. तिथे उभं राहून 'पॅरांची पदं कापू नका' म्हणायला धीर लागतो, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांची तोंडओळखही नसेल तर तो येत नाही. आमच्या कितीतरी जणांची ही ओळख जेवणाच्या टेबलाशीच झाली आहे.

आयांबद्दल तुम्ही लिहिलं ते खरंच आहे. अमेरिकेतली पालक-शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १८९७ साली सुरू झाली तीच मुळी 'मातांची राष्ट्रीय काँग्रेस' या नावाने. शिक्षकांच्या कौतुकाचा मे महिन्यातला आठवडा याच संघटनेने १९८४ साली सुरू केला. म्हणजे हे आयांचं काम, ही समजूत जुनी आहे. आमच्याकडे यादी ऑनलाइन फिरते. पूर्वी तिच्यात फक्त पदार्थ असायचे आणि समोर बायकांची नावं. आता बर्फ आणणं, टेबलं लावणं, ट्रे पोचवणं, भांडी विसळणं, कचरा बाहेर नेणं हेही वेगवेगळ्या ओळींत लिहितो, आणि त्या ओळींत बाबांची नावं पडायला लागली आहेत. स्वयंपाकाच्या ओळीत अजून कमीच. त्याबद्दल मी भांडत राहीन.

पदार्थांविषयी एका दुसऱ्या वाचक ताईंनी विचारलं होतं, तेही इथेच सांगते. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं? साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, सगळं यादीतून बाद, कारण शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे मोठ्यांमध्येही असतात. कोथिंबीर वडीवरचे तीळसुद्धा. १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख इथे पाकिटावर करावाच लागतो. म्हणून काजू न घालता मसालेभात, कूट न घालता काकडीची कोशिंबीर, आणि प्रत्येक ट्रेपुढे चिठ्ठी : दूध आहे, गहू नाही, तिखट मध्यम. चिठ्ठी नसलेला ट्रे टेबलावर जात नाही. तुमच्या भागात शाळा घरचं अन्न स्वीकारत नसेल (बऱ्याच ठिकाणी नाही स्वीकारत) तर विकतचं मागवा, त्याने काही बिघडत नाही.

एक आक्षेप तुम्ही घेतला नाहीत, पण मला तो सर्वांत जास्त सलतो. आमचं गाव खाऊनपिऊन सुखी आहे म्हणून इथे ट्रे कमी पडत नाहीत. वीस मिनिटांवरच्या शहरात पालक दोन-दोन पाळ्या करतात, तिथल्या स्टाफरूममध्ये कोण मांडणार? यंदा आमच्या संघाने जमलेल्या पैशांचा काही भाग तिथल्या एका शाळेच्या जेवणासाठी द्यावा असं मी सुचवलं आहे. काहींनी नाक मुरडलं. ठराव पुढच्या बैठकीत आहे आणि मी तो लावून धरणार आहे.

चार ओळींचं तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं संघाच्या ग्रुपवर टाकलं. यंदा मुलांकडून पत्रं लिहून घ्यायचं ठरलं आहे, वर्गशिक्षकांना तर आहेतच, शिवाय पॅरा, परिचारिका, उपाहारगृह, सफाई आणि बस, प्रत्येकाला निदान एक. मराठी मुलांनी हवं तर मराठीत लिहावं, खाली इंग्रजीत अर्थ द्यावा. तुम्हाला आलेलं असं एखादं पत्र जपून ठेवलं असेल आणि नाव झाकून पाठवता आलं तर जरूर पाठवा. मुलांना नमुना म्हणून दाखवायला मला आवडेल.