अपूर्णांक शिकवायला भाकरी नको, पट्ट्या घ्या

घरी अपूर्णांक शिकवायचे म्हटलं की बहुतेक जण भाकरी नाहीतर पिझ्झा काढून बसतात. अर्धा, पाव इथपर्यंत ठीक आहे हो, पण पुढे तो गोल नडतो. गोलाचे तीन किंवा पाच सारखे भाग हाताने करून बघा, मोठ्यांनाही धड जमत नाही आणि भाग सारखे नसले तर मग कसला अपूर्णांक.

माझं स्पष्ट मत आहे, कागदाच्या पट्ट्या घ्याव्यात. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद, लांबी २४ सेंटीमीटर, कारण २४ ला २, ३, ४, ६, ८ सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. एक पट्टी अख्खी ठेवायची, बाकीच्या मुलांनाच मोजून कापू द्यायच्या. अर्धा तुकडा १२ चा, १/३ म्हणजे ८, १/४ म्हणजे ६, १/६ म्हणजे ४. इथेच कळतं की छेद मोठा झाला की तुकडा लहान होतो, वेगळं सांगावं लागत नाही.

आता ती घरोघरची चूक, १/२ + १/३ = २/५. वहीत लाल फुली मारून काही होत नाही. १/२ आणि १/३ चे तुकडे जोडून ठेवा, २० सेंटीमीटर होतात, त्याखाली १/६ चे तुकडे लावत जा, बरोब्बर पाच बसतात, म्हणजे ५/६. आणि २/५ तर १० सेंटीमीटरसुद्धा भरत नाही! माझी मुलगी बघून लगेच म्हणाली, "आई, अर्ध्यात अजून मिळवलं तर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल?" समच्छेद, म्हणजे दोन्हींचे छेद सारखे करणं, हा शब्द मी त्यानंतर सांगितला. तिरकस गुणाकाराची ट्रिक आधी घोकून घेतात ना, त्याचा मला खरंच राग येतो, उत्तर येतं पण ते बरोबर की चूक हे मुलांना ओळखताच येत नाही.

भागाकारही असाच. १/२ ÷ १/४ म्हणजे अर्ध्या तुकड्यावर पावाचे किती बसतात? दोन. आणि ५/४ साठी दोन अख्ख्या पट्ट्या टोकाला टोक लावून ०, १, २ लिहा, १ च्या थोडं पुढे सापडतो.

सातवा भाग हवा असेल तर २८ सेंटीमीटरची पट्टी घ्या, ए-फोर कागदावर बसते. फक्त ती २४ च्या सेटमध्ये मिसळू नका, दोन्हींचे अर्धे तुकडे वेगळ्या लांबीचे होतात आणि मुलं गोंधळतात.