‘लिनक्स टाका, सगळं चालतं’ म्हणणाऱ्यांना डीटीपीच्या दुकानातून उत्तर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. तेव्हापासून आमच्या धंद्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाका, असा एक मेसेज फिरतोय: ‘जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका, लिनक्स टाका. फुकट आहे, सगळं चालतं. अडलं तर कोड खुला आहे, स्वतः दुरुस्त करा. लोक फुकटात राबून बनवतात, त्यांच्यावर तक्रार कसली?’

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. मी लिनक्स टाकलं, आजही वापरतो. तळमळ आहे म्हणूनच लिहितोय.

जुन्या मशीनवर हलकं चालतं, हे शंभर टक्के खरं.

‘सगळं चालतं’ हे खरं नाही. माझा लेझर प्रिंटर स्वस्तातला. पान तयार करायचं काम तो कॉम्प्युटरवर टाकतो, तेही कंपनीच्या स्वतःच्या भाषेत. कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, जुन्या ३२-बिट लायब्ररीवर (तयार कोडच्या फायलींवर) अडून बसला. ऐन लगीनसराईत तीन दिवस गेले, पत्रिकांची प्रुफं शेजारच्या दुकानातून काढून आणली. यात कंपनीचा दोष आहेच. पण लिनक्सवरची छपाई ज्या कप्स (CUPS) नावाच्या सॉफ्टवेअरवर चालते, त्याची गोष्टही पाहा. २००७ साली ॲपलने कप्स विकत घेतलं. मूळ लेखक मायकेल स्वीट यांनी २०१९ मध्ये ॲपल सोडल्यावर तिथलं काम जवळपास थांबलं, मग लिनक्सवरच्या छपाईचं काम पाहणाऱ्या ओपनप्रिंटिंग या गटाने ते हाती घेतलं. घरोघरी लागणारी गोष्ट इतक्या थोड्या माणसांच्या खांद्यावर! आता पुढच्या कप्समधून जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढायचं ठरलंय. नव्या प्रिंटरांना ते सोयीचं. जुन्यांसाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ नावाचा वेगळा प्रोग्राम लागणार. म्हणजे जुन्या सामानासाठी लिनक्स सुचवायचं आणि जुन्या प्रिंटरलाच जादा खटपट.

‘स्वतः दुरुस्त करा’ हे पत्रिका जुळवणाऱ्याला सांगायचं? मी मराठीची मात्रा-वेलांटी तपासतो, प्रोग्रामिंगची सी भाषा मला येत नाही.

‘फुकटात राबणाऱ्यांवर तक्रार नको’ हेही अर्धंच. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, बहुतेक काम इंटेल, गूगल, रेड हॅटसारख्या कंपन्यांचे पगारी इंजिनिअर करतात, आणि मोठा पैसा सर्व्हरमध्ये आहे. डेस्कटॉपवर जे हात उरतात, तेही घडी बसलेलं मोडण्यात खर्ची पडतात. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय आवृत्तीने २०११ साली युनिटी नावाची नवी डेस्कटॉप मांडणी सर्वांपुढे ठेवली आणि २०१७ मध्ये सोडून दिली. वापरणाऱ्यांना दोनदा नव्याने शिकावं लागलं. नवं रचण्यात मान आहे, जुनं नीट करण्यात नाही. माझी तक्रार यावर आहे.

तुम्ही टाकणार असाल तर आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू करा, प्रिंटर जोडा आणि जोडाक्षरांनी भरलेली एक पत्रिका छापून बघा.