बाग बघितल्याशिवाय रोप घेत नाही, मग कोर्स कसा घेतो?

दिवाळीत गावी होते. पाडव्याच्या संध्याकाळी दादाचा फोन आला, "जरा घरी ये, काम हाये." दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. रावेर तालुक्यात आमची घरं समोरासमोर आहेत, त्यामुळे फोन करून बोलावलं म्हणजे गोष्ट साधी नसणार हे लक्षात आलं. गेले तर ओट्यावर दादा, वहिनी आणि पुतण्या बसलेले, मधे मोबाइल. मोबाइलवर कर्जाचा फॉर्म उघडा. दादाचं आधार, पॅन, बँकेचा तपशील, सगळं भरून झालेलं. फक्त ओटीपी टाकायचा बाकी.

पुतण्या यंदा फैजपूरहून बीएस्सी झाला. त्याला करायचा होता नऊ महिन्यांचा ऑनलाइन डेटा सायन्स आणि एआयचा कोर्स. फी दोन लाख चाळीस हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दोन लाख त्र्याऐंशी हजार दोनशे. चोवीस हप्ते, महिन्याला अकरा हजार आठशे, 'नो कॉस्ट ईएमआय'. सीट अडवून ठेवायला पाच हजार आधीच गेले होते. पोरगा म्हणाला, "आत्या, रात्री बारापर्यंतच स्कॉलरशिप आहे. मग फी वाढणार."

दादा मला म्हणाला, "मले यातलं काही समजत नाई. तू त्यातच काम करते. एवढंच सांग, हे पैसे दिले त पोराले नोकरी लागीन का?"

त्या रात्री मी ओटीपी टाकू दिला नाही. तेव्हा घाईघाईत जे बोलले ते अर्धवट होतं. गेले तीन महिने हा विषय डोक्यात आहे, आणि तेवढ्यात आणखी चार घरांतून हाच प्रश्न आला. दोन यावलचे, एक पाचोऱ्याचा, एक शिरपूरचा. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझं सांगते. २०१५ साली मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास केला. फी ४५ हजार, आईने केळीच्या कटाईच्या पैशांतून दिलेली. बोर्डावर 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिलेलं. प्रत्यक्षात प्लेसमेंट म्हणजे तीन मुलाखतींचे पत्ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं. त्यातल्या दोन ठिकाणी आमच्यासारखी चारशे पोरं रांगेत उभी होती. तिसऱ्या मुलाखतीच्या आधी मला सांगण्यात आलं की बायोडेटात दोन वर्षांचा अनुभव दाखव, पत्र आम्ही देतो. मी नाही म्हटलं. ज्यांनी हो म्हटलं त्यातली एक मैत्रीण आठ महिन्यांनी पडताळणीत सापडली आणि एका दिवसात घरी गेली. ती माझ्याच रूमवर राहायची. तिचं बॅग भरणं मी अजून विसरलेले नाही.

त्या क्लासने मला काहीच दिलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. शिकवलेलं सगळं यूट्यूबवर फुकट होतं. पण सकाळी नऊला एका खुर्चीत जाऊन बसायचं, शेजारी लातूरची एक मुलगी, ती अडली की मी सांगायचं, मी अडले की तिने. आणि एक सर होते, ते माझं लिहिलेलं वाचायचे आणि चूक कुठे आहे त्यावर बोट ठेवायचे. सात महिन्यांनी नोकरी लागली ती त्याच लातूरच्या मुलीच्या ओळखीने. ४५ हजारांत मला शेजार मिळाला, वेळापत्रक मिळालं आणि चूक दाखवणारा माणूस मिळाला. घरी ओट्यावर बसून यातलं काही मिळालं नसतं.

मला वाटतं आमच्या भागात या कोर्सची खरी गरज इथेच आहे. पुण्यातल्या पोराच्या बिल्डिंगमध्ये दोन जण आयटीत असतात, वडिलांच्या मित्राचा मुलगा बायोडेटा बघून देतो. सावदा, चोपडा, शहादा, साक्री इथल्या पोराला 'पुढे काय शिकू' हे विचारायला माणूस नसतो. मग फोनवर गोड बोलणारा 'काउन्सेलर' भेटतो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या करिअरबद्दल पाऊण तास बोललेलं असतं. पोराला तो देवमाणूस वाटतो. तो विक्री करणारा माणूस आहे आणि त्याला महिन्याचं टार्गेट आहे, हे पोराला कोण सांगणार? पोरं मूर्ख नाहीत. एकटी आहेत.

म्हणून कुठल्याही कोर्सला मी एकच कसोटी लावते. माझी चूक रोज कोण बघणार? माणूस बघणार की मशीन? एका माणसाकडे किती पोरं? त्याचं नाव काय, तो आज कुठे काम करतो? पुतण्याच्या कोर्सबद्दल हे विचारलं तेव्हा कळलं की बहुतेक लेक्चर रेकॉर्ड केलेली आहेत, शंका चॅटवर विचारायच्या, आणि मेंटर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास. नऊ महिन्यांत अठरा भेटी, म्हणजे नऊ तास. दोन लाख त्र्याऐंशी हजारांत माणसाचे नऊ तास. हा हिशेब मांडल्यावर वहिनी पहिल्यांदा बोलली, "एवढ्यात त याले पुण्यात वर्षभर ठेवता येईन."

आता प्लेसमेंटचे आकडे. '९२ टक्के' ऐकलं की विचारायचं, कशाचे ९२ टक्के? फी भरली त्यांचे, कोर्स पुरा केला त्यांचे, की संस्थेने 'प्लेसमेंटला पात्र' ठरवलं त्यांचे? शंभर पोरांनी फी भरली, चाळीस शेवटपर्यंत टिकली, त्यातली पंचवीस पात्र ठरवली आणि तेवीस लागली, तर ९२ टक्के झाले. पण दारातून आत गेलेल्या शंभरातले तेवीसच लागले.

हे आपल्याकडेच घडतं असं समजू नका. अमेरिकेत लॅम्ब्डा स्कूल नावाची फार गाजलेली संस्था होती, नंतर तिचं नाव ब्लूमटेक झालं. 'आधी शिका, नोकरी लागल्यावर पगारातून द्या' हे तिचं वाक्य जगभर गेलं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक आर्थिक संरक्षण यंत्रणेने तिच्यावर कारवाई केली. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के प्लेसमेंट सांगत होते, आतले आकडे ५० टक्क्यांच्या आसपास, काही तुकड्यांत ३० टक्क्यांपर्यंत खाली. आणि 'हे कर्ज नाही' म्हणून ज्यावर सह्या घेतल्या ते कर्जच निघालं, त्यावर सरासरी चार हजार डॉलर आकार. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रातल्या फसव्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची, नोकरीची खोटी हमी द्यायला त्यात मनाई आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. मोबाइलमध्ये जपून ठेवा.

बाजाराचंही बघा. कार्यक्रमात भाषण करणारा प्रत्येक जण आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरचं उदाहरण देतो, १९४५ साली तिथे तेलाच्या धंद्यातून विप्रो उभी राहिली. अभिमान मलाही आहे. पण २०२३-२४ या एका वर्षात टीसीएसमधली तेरा हजारांहून जास्त आणि इन्फोसिसमधली जवळपास सव्वीस हजार माणसं कमी झाली. फ्रेशरचं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज मी लागले तेव्हाही तेवढंच होतं. महिन्याला हातात येतात बावीस-पंचवीस हजार. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, बस यात बारा-तेरा हजार जातात. उरलेल्यातून अकरा हजार आठशे काढा, पोराकडे काय राहतं ते बघा. आणि हे नोकरी लागली तर.

मला सर्वांत जास्त राग कर्जाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

'नो कॉस्ट' म्हणजे व्याज नाही, असा अर्थ दादाने घेतला होता. कर्ज देणारी कंपनी फुकट पैसे देत नाही. व्याज फीमध्येच घातलेलं असतं. मी त्याच काउन्सेलरला फोन लावून म्हटलं, एकरकमी भरले तर? लगेच तीस हजार कमी झाले. तेच व्याज होतं. दुसरं, कर्ज फायनान्स कंपनीचं आणि शिकवणारी संस्था वेगळी. पैसे पहिल्याच आठवड्यात संस्थेला पोचतात. पोराने दोन महिन्यांनी कोर्स सोडला, शिकवणं बंद पडलं, तरी हप्ता दादाच्या खात्यातून जात राहणार, कारण सही दादाची आहे. हप्ता चुकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, दादाची खराब होणार. मग पुढच्या हंगामात ट्रॅक्टर किंवा ठिबकसाठी बँकेत गेल्यावर तो कागद समोर येणार.

आणि हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. शेतातला पैसा असा येतो का? केळीचा पैसा कटाई झाल्यावर एकदम येतो. मृगबाग असो की कांदेबाग, म्हणजे केळीची लावणी पावसाळ्याच्या सुरुवातीची असो की त्यानंतरची, लावणीपासून वर्षभर पैसे घालत राहायचं. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली की तेही नाही. सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूरोग आला की झाडं उपटून फेकायची. ज्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो, त्या घराने महिन्याला अकरा हजार आठशेचा करार फोनवर करू नये. हे मी हात जोडून सांगते.

ज्यांनी ओटीपी दिलाच असेल त्यांच्यासाठी. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले, २०२५ मध्ये ते नव्याने काढले. त्यानुसार कर्जाच्या अटी, वर्षाचा एकूण खर्च सगळा एका पत्रकात द्यावा लागतो, त्याला की फॅक्ट स्टेटमेंट म्हणतात. त्यातच कूलिंग ऑफची मुदत लिहिलेली असते. तेवढ्या दिवसांत मुद्दल आणि तितक्या दिवसांचा आकार भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत थोडी असते, म्हणून त्याच दिवशी पत्रक उघडा. फोनवरच्या माणसाला विचारत बसू नका, लेखी ईमेल करा.

तर दादाला काय सांगितलं? दादा टिश्यू कल्चरचं रोप घेताना काय करतो ते मी लहानपणापासून बघते आहे. कंपनीचा माणूस कितीही बोलला तरी आधी चार शेतकऱ्यांच्या बागा बघून येतो. घड कसा पडला, रोग किती आला, कापणीला किती दिवस लागले. ज्याची बाग चांगली आली त्यालाच नाही, ज्याची गेली त्यालाही भेटतो. मी म्हटलं, दादा, चार हजार रोपांसाठी तू मुक्ताईनगरपर्यंत मोटरसायकल मारतो आणि पोराच्या नऊ महिन्यांसाठी एकही बाग बघितली नाही. या कोर्सची मागच्या वर्षीची पाच पोरं शोध. जाहिरातीतली नकोत. लिंक्डइनवर कोर्सचं नाव टाकून ज्यांनी सोडला, ज्यांना लागली नाही, तीही शोध.

पुतण्याने शोधली. सहा जणांना मेसेज केले, चौघांनी उत्तर दिलं. एकाला खरंच चांगली नोकरी लागली होती, पण तो आधीच तीन वर्षं नोकरीत होता. बाकीचे तिघे अजून हप्ते भरत होते. चार जणांवरून सगळ्या कोर्सचा निकाल लावता येत नाही, मान्य. पण दादाला तेवढं पुरलं. पाच हजार परत मिळाले नाहीत, त्यावर पाणी सोडलं.

या महागड्या कोर्सचा फायदा कोणालाच होत नाही असं मी म्हणत नाही. जो आधीच नोकरीत आहे, ज्याला नेमकं काय कमी पडतंय ते माहीत आहे, जो स्वतःच्या पगारातून भरणार आहे किंवा ज्याची कंपनी भरणार आहे, त्याने जरूर करावा. मूल झाल्यावर चार वर्षं घरी असलेल्या माझ्या मैत्रिणीने केला, तिला शिस्तीची गरज होती, तिला उपयोग झाला. पण नुकत्याच पदवीधर झालेल्या, एक ओळ कोड न लिहिलेल्या पोरासाठी बापाच्या सहीवर? नाही. माझं मत पक्कं आहे.

पुतण्याला मी तीन महिने मागितले. एनपीटेल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, शिकायला पैसे नाहीत, परीक्षा द्यायची तर हजारभर रुपये. एक्सेल, मग डेटाबेसमधून माहिती काढायचं एसक्यूएल, मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. रोज चार तास, आणि रविवारी रात्री मला फोन, तेव्हा आठवडाभरात काय केलं ते मी बघणार. तीन महिने टिकलास तर फीचं मी बघते, नाही टिकलास तर हे काम तुला आवडत नाही हे फुकटात कळलं.

पहिला महिना अवघड गेला. दोन रविवार त्याने फोनच उचलला नाही. कंटाळला होता, सरावाच्या डेटात त्याला रस वाटेना, सगळी परदेशातल्या घरांच्या किमतींची माहिती. मग मला दादाची वही आठवली. कटाईची तारीख, वजन, भाव, व्यापारी, दादा सगळं लिहून ठेवतो. म्हटलं, ती वही घे आणि एक्सेलमध्ये टाक.

सहा वर्षांच्या कटाया आहेत त्यात. तो नोंदी भरत बसला आणि त्याला प्रश्न पडायला लागले. एका कटाईला बोर्डाच्या, म्हणजे जाहीर झालेल्या भावापेक्षा कमी का मिळालं? कुठला व्यापारी किती दिवसांनी पैसे देतो? २०२२ च्या एका पानावर भाव खोडून दुसरा का लिहिलाय? तो दादाला विचारायचा, दादा सांगत बसायचा. वहिनी म्हणते, बापलेक एवढं कधी बोलले नव्हते. त्यावर त्याने छोटा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका नजरेत दाखवणारं पान, केलाय. साधाच आहे, चुका आहेत, पण त्याचा स्वतःचा आहे. मुलाखतीत त्यावर तो अर्धा तास बोलू शकेल, कारण प्रत्येक आकडा त्याला माहीत आहे.

परवाच्या रविवारी त्याने सांगितलं की आता तो एकट्याने अडतोय, चूक दाखवणारं कोणी हवं. जळगावात एक छोटा क्लास आहे. पंधरा पोरं, रोज समोर बसून, फी ३८ हजार, दोन टप्प्यांत. तिथल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना तो भेटून आलाय, त्यातल्या एकाला नोकरी नाही लागलेली. आठवडाभर डेमोला बसणार आहे. पैसे मी भरते म्हटलं तर दादा नको म्हणाला. म्हणाला, "पयल्या दिवशी मीबी येतो त्याच्यासंग. मागच्या बाकावर बसीन, काय शिकवतात पाहीन."